फ्लॅश आणि छत्री घेऊन निघण्याआधी

कार्यक्रमाचे फोटो काढायला स्टँडवरचा फ्लॅश आणि त्याचा उजेड मऊ पसरवणारी फोटोग्राफीची छत्री घेऊन निघालात, तर सगळ्यात आधी ब्रॅकेट पिशवीत टाका, कॅमेरा मागाहून. कॅमेरा कोणी विसरत नाही. लेन्स, कार्ड, कॅमेऱ्याची बॅटरी यांचीही आठवण कोणाला करून द्यावी लागत नाही. ब्रॅकेट म्हणजे स्टँडच्या डोक्यावर बसणारा मुठीएवढा सांधा. त्याच्या वरच्या खाचेत फ्लॅशचा पाय सरकतो आणि मधल्या भोकातून छत्रीची दांडी जाते. सगळ्या सामानात तो सर्वांत स्वस्त, पण तो नसला की छत्री छत्रीच्या जागी, फ्लॅश फ्लॅशच्या जागी आणि स्टँड नुसता उभा. मागे सांगलीत एका साखरपुड्याला माझं नेमकं हेच झालं. ब्रॅकेट घरी, दुसऱ्या स्टँडवर आवळलेलं. शेवटी मुलीच्या मामांनी एका हातात फ्लॅश आणि दुसऱ्या हातात छत्री धरली. माणूस गोड, पण हात दमला की उजेड हनुवटीखाली यायचा. एकाच घरातल्या माणसांच्या नाकाच्या सावल्या दर फोटोत वेगळ्या दिशेला.

म्हणून, ब्रॅकेट स्टँडवर लावून ठेवू नका. "लावलेलंच असतं" म्हणून स्टँड उचलायचा आणि तो नेमका दुसरा निघायचा, हे ठरलेलं. ब्रॅकेट फ्लॅशच्याच डब्यात ठेवा, आणि एका फ्लॅशला दोन या हिशेबाने ठेवा. मुंबईत असाल तर फोर्टात बोरा बाजारात जाऊन आणाल. कार्यक्रमाच्या संध्याकाळी सांगलीत कुठून आणणार?

डब्यात टाकण्यापूर्वी ते नीट बघा. छत्रीचं भोक सरळ नसतं, किंचित तिरकं असतं, म्हणजे दांडी फ्लॅशच्या तोंडाकडे झुकते आणि उजेड छत्रीच्या मध्यावर पडतो. दांडी उलट्या बाजूने घातली तर ती फ्लॅशपासून लांब जाते, अर्धा उजेड काठावरून निसटतो, आणि आपण उगाच पॉवर वाढवत बसतो. भोकाचा स्क्रू पूर्ण आवळला जातो का ते छत्रीची दांडी घालूनच तपासा. दांड्या बहुतेक ८ मिलिमीटरच्या असतात, पण पातळ दांडी निघाली तर ती गरगर फिरते. स्टँडच्या टोकावर बसणारी पितळी खुंटी सुटी असेल तर ती ब्रॅकेटमध्येच घट्ट करून ठेवा, खिशात नको. आणि वरची खाच धातूची असेल तर तिच्या तळाला इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा. फ्लॅशच्या तळाच्या पिना धातूला टेकल्या तर शॉर्ट होऊन फ्लॅश मनाला येईल तेव्हा उडतो किंवा उडतच नाही. मग लोक ट्रिगरला, म्हणजे कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणाऱ्या बिनतारी यंत्राला, शिव्या देतात.

सेल. आदल्या रात्री चार्ज करा, सकाळी नव्हे. निकेल-मेटल हायड्राइडच्या, म्हणजे पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलचे चार-चारचे संच करा आणि प्रत्येक संचाला रबर लावा. ताजे नि वापरलेले एकत्र करू नका. रस्त्यावरच्या दुकानातले साधे अल्कलाइन सेल आणीबाणीलाच, कारण थोड्या वेळाने दोन फोटोंमध्ये फ्लॅश भरायला इतका वेळ लागतो की समोरचे हसू गिळून बसतात. लिथियम बॅटरीचा फ्लॅश असेल तर हा परिच्छेद सोडा, चार्जर मात्र घ्या.

ट्रिगरलाही सेल लागतात, हे फ्लॅशच्या सेलच्या गडबडीत राहून जातं. ट्रिगर आणि फ्लॅशने एकमेकांना ओळखावं म्हणून दोन्हींवर चॅनेल, ग्रुप आणि आयडी हे आकडे घरीच जुळवा. मंगल कार्यालयात दुसरा फोटोग्राफर किंवा व्हिडिओवाल्यांचा माणूस त्याच कंपनीचा ट्रिगर घेऊन आलेला असतोच. चॅनेल आणि आयडी एकच असतील तर त्याच्या क्लिकला तुमचा फ्लॅश उडतो आणि तुमचे सेल संपतात. फ्लॅशचा स्लीप मोड बंद करा. फ्लॅश स्टँडवर आठ फुटांवर चढला की झोपलेला असताना त्याला उठवायला सगळा स्टँड खाली घ्यावा लागतो. कॅमेऱ्याचा सायलेंट शटर बंद करा, बहुतेक कॅमेऱ्यांत त्यात फ्लॅश उडत नाही. मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा असेल तर एक्स्पोजर प्रिव्ह्यूही, म्हणजे फोटो किती उजळ येईल ते आधीच दाखवणारी सोयही, बंद, नाहीतर संध्याकाळी व्ह्यूफाइंडरमध्ये नुसता काळोख.

मग सगळं घरीच एकदा जोडा: स्टँड, ब्रॅकेट, फ्लॅश, छत्री. एक फोटो काढा, मग सोडवा. सोडवताना ब्रॅकेट सोफ्यावर राहतं. पुन्हा बघा.

वजन. गच्चीवर, अंगणात, नदीकाठी छत्री म्हणजे शीडच. वारा येतो तेव्हा आधी छत्री फिरते, मग स्टँड कलतो, मग फ्लॅश तोंडावर पडतो, आणि हे सगळं "अरे धरा" म्हणेपर्यंत होऊन जातं. वाळूची पिशवी न्या. ओझं नको असेल तर रिकामी पिशवी न्या आणि तिथल्या पाण्याच्या बाटल्या भरा. वजन पायांच्या सांध्यापाशी, जमिनीजवळ. वर लटकवलं की झोके घेतं. एक पाय छत्री ज्या बाजूला झुकली आहे त्या बाजूला येऊ द्या. एवढं करूनही वारा असेल तर एखाद्या चुणचुणीत पोराला स्टँडपाशी उभं करा. धरायला स्टँड, छत्री नव्हे. छत्री धरायला ब्रॅकेट आणलंय ना?

छत्री कोणती, यावर लोक फार बोलतात. पांढरी, आरपार उजेड सोडणारी असेल तर ती चेहऱ्याच्या अगदी जवळ आणता येते. पण बराच उजेड मागे उडतो, लहान खोलीत तो भिंतींवरून परत येऊन सगळ्या सावल्या खाऊन टाकतो. काळ्या पाठीची परावर्ती छत्री तिथे बरी. चंदेरी अस्तर मात्र पैठणीसमोर नको, जरीचे काठ पांढरे फटक होतात आणि नंतर संगणकावर कितीही खेचले तरी त्यात नक्षी परत येत नाही. फ्लॅशचा झूम २४ ते ३५ मिलिमीटरच्या आसपास ठेवा, म्हणजे छत्री भरेल आणि उजेड बाहेर सांडणार नाही.

तिथे पोचल्यावर आधी फ्लॅश बंद ठेवून आभाळ किंवा मागचे दिवे हवे तेवढे येऊ द्या. शटर सिंक स्पीडच्या आत, म्हणजे फ्लॅशचा उजेड सगळ्या फोटोला मिळेल अशा सर्वांत जलद गतीच्या आत, बहुतेक कॅमेऱ्यांना १/२०० सेकंदाच्या आसपास. मग फ्लॅश मॅन्युअलवर, म्हणजे पॉवर आपण हाताने ठरवायची, पाव पॉवरपासून सुरुवात. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, त्यामुळे दोघांसाठी छत्री जवळ आणि घोळक्यासाठी मागे व उंच. नाहीतर स्टँडजवळची आत्या पांढरी आणि पलीकडच्या टोकाचा जावई काळा. आजोबांच्या चष्म्यात छत्री दिसली तर आजोबांना मान खाली घाला म्हणू नका, स्टँड वर आणि बाजूला घ्या. मागे पिवळे बल्ब असतील तर फ्लॅशवर केशरी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, आणि कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) टंगस्टनकडे, म्हणजे पिवळ्या बल्बच्या उजेडासाठीच्या सेटिंगवर. जेल चिकटवायला टेप लागते, ती इन्सुलेशनचीच चालते.

चाचणीला चार फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत उजळ-काळोख किती आहे ते दाखवणारा आलेख, बघा, पडद्यावर विश्वास नको. बाकी पोझ, रांगा, कोण कोणाशेजारी उभं राहणार, ते तुमचं तुम्ही बघा.

आवरताना: आधी फ्लॅश उतरवा, मग छत्री मिटा, मग स्टँड. ब्रॅकेट काढून डब्यात. हो, आत्ताच, गाडीत नव्हे. बाटल्यांचं पाणी झाडांना, पिशवी घडी करून. छत्री दमट असेल तर घरी उघडून वाळवा. ट्रिगर बंद केलाय का बघा. सेल चार्जरला लावा आणि झोपा.