केसिंगवर माती बसलीय का?

जमिनीखालून स्टीलचं केसिंग, म्हणजे मोठा पाइप, जॅकने ढकलायच्या कामावर नवीन आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : घर्षण किती धरायचं? मीही तोच विचारला होता. तक्त्यातून एक आकडा उचलला, पृष्ठभागाने गुणला आणि गणित संपलं असं समजले. पण आधी वेगळंच बघायला हवं होतं. भोक उभं राहणार आहे, की माती ढासळून पाइपावर बसणार आहे?

बाहेरचा व्यास 1 मीटर, जाडी 12 मिमी, लांबी 40 मीटर असं केसिंग घ्या. वजन मीटरला साधारण 290 किलो, म्हणजे सगळं मिळून पावणेबारा टनांच्या आत. घट्ट चिकणमातीत भोक तसंच राहिलं, तर केसिंग फक्त तळाशी टेकतं. घर्षणगुणांक 0.3 धरला तर साडेतीन टन पुरतात (आतल्या ऑगरचं, म्हणजे माती बाहेर आणणाऱ्या स्क्रूचं, आणि मातीचं वजन मात्र त्यात मिळवा). आता सुटी वाळू घ्या. ती चहूबाजूंनी बसली, सरासरी दाब 20 किलोपास्कल आणि गुणांक 0.4 धरला, तर चौरस मीटरला 8 किलोन्यूटन. बाहेरचा पृष्ठभाग 126 चौरस मीटर. झाले 1000 किलोन्यूटन, म्हणजे जवळपास 100 टन! पाइप तोच, लांबी तीच. पुढच्या तोंडावर मातीचा होणारा विरोध अजून धरलेलाच नाही.

केसिंग समजा 6 मीटर खोलीवर आहे, मग दाब 20च कसा, असं वाटेल. वरची सगळी माती केसिंगवर येत नाही, ती कमानीसारखी बाजूच्या मातीवर भार टाकते. मृदायांत्रिकीचे अभ्यासक टेर्झागी यांचं सूत्र याच हिशेबाचं आहे, ते एकदा हाताने सोडवून बघाच. भोक केसिंगपेक्षा थोडं मोठं कापतात आणि त्या फटीत बेंटोनाइट (बारीक मातीचा निसरडा चिखल) सोडतात, तेही माती पाइपापासून लांब ठेवायलाच.

थांबण्याचा परिणाम मला कुणी सांगितला नव्हता. चिकणमातीत 26 मीटर झाल्यावर आम्ही दोन दिवस काम बंद ठेवलं. थांबताना जॅकमधल्या तेलाच्या दाबाचं गेज 90 बार दाखवत होतं. पुन्हा सुरू केलं तेव्हा 90 ला काही नाही, 120 ला काही नाही. काटा 150 वर गेला आणि केसिंग असं हिसक्याने सुटलं की खड्ड्याच्या तळाशी पायांना हादरा जाणवला. मग दाब 110 वर स्थिरावला. फट मिटून माती पाइपाला चिकटली होती. तेव्हापासून जॅक आणि मागची थ्रस्ट वॉल (जॅक जिला रेटतात ती भिंत) ठरवताना मी थांबून पुन्हा सुटतानाचा जोर धरते, चालतानाचा नाही.

गेजवरचे बार म्हणजे जोर नव्हे. 200 मिमी पिस्टनचे दोन जॅक असतील, तर 100 बारला 628 किलोन्यूटन मिळतात. दर मीटरला हा जोर वहीत लिहा आणि लांबीसमोर आलेख काढा. समजा 10 मीटरला 160 आणि 20 मीटरला 240 किलोन्यूटन आले. चढ मीटरला 8 चा. परिघ 3.14 मीटर, म्हणून घर्षण चौरस मीटरला अडीच किलोन्यूटन. रेघ मागे शून्य लांबीपर्यंत नेली की 80 उरतात, तो तोंडावरचा विरोध. हा अडीचचा आकडा तुमच्या मातीचा, तुमच्या बेंटोनाइटचा आहे. पुढच्या मीटरांसाठी मी तक्त्यापेक्षा यावर जास्त भरवसा ठेवते.

रेघ मध्येच ताठ वर गेली तर जॅकचा दाब वाढवू नका. आधी ऑगरमधून येणारी माती हातात घेऊन बघा, मग बेंटोनाइट पुढपर्यंत पोचतंय का ते, आणि मग केसिंगची लाइन सरळ आहे का ते.