थंड मॅरिनेट कोळंबी करताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते, कारण ती चवीची नाही, तब्येतीची आहे. कच्ची कोळंबी लिंबात मुरवली की पांढरी पडते, घट्ट लागते आणि आपल्याला वाटतं झाली शिजून. नाही झाली! आंबटामुळे प्रथिनं आवळतात म्हणून रंग बदलतो, जंतू मरतीलच असं नाही. त्यामुळे घरी करताना आधी शिजवा, मग मुरवा.

आता शिजवणं. इथेच बहुतेकांची कोळंबी रबर होते. उकळत्या मिठाच्या पाण्यात मध्यम कोळंबीला २-३ मिनिटं खूप झाली, घड्याळापेक्षा कोळंबीकडे बघा, पाठीचा जाड भाग करडा-पारदर्शक दिसायचा थांबला आणि ती अर्धी वळली की लगेच उपसायची, पूर्ण वेटोळं झालं म्हणजे जास्त झालं. आणि उपसून नुसती चाळणीत ठेवू नका, आतल्या गरमीने ती शिजतच राहते, सरळ बर्फाच्या पाण्यात टाका. पण गार झाली की तिथेही ठेवायची नाही हं, चव पाण्यात उतरते.

मग कोरडी करा. अगदी कापडाने टिपून. ओली कोळंबी मसाल्यात घातली की तासाभरात वाटीच्या तळाशी पाणी साठतं आणि तेल-मसाला अंगाला लागतच नाही. तसं झालंच असेल तर ते पाणी ओतून टाका आणि थोडं तेल-मीठ नव्याने लावा.

लिंबू कधी घालायचं? मी एकदा सगळं एकदम कालवून रात्रभर ठेवलं होतं, सकाळी कोळंबी अक्षरशः चोथ्यासारखी लागली, आणि कोथिंबीर काळपट. तेव्हापासून तेल, लसूण, मिरी, मीठ आधी आणि लिंबू, कोथिंबीर वाढायच्या अर्धा तास आधी. भांडं काचेचं किंवा स्टीलचं, अॅल्युमिनियमचं नको, आंबटाने धातूची चव उतरते.

फिकी लागतेय? थंड पदार्थाला मीठ कमी जाणवतं, म्हणून चव फ्रीजमधून काढल्यावर बघा. फार आंबट झाली तर चिमूटभर साखर आणि चमचाभर तेल.

ऑलिव्ह ऑईल फ्रीजमध्ये गोठून पांढरं दिसलं तर घाबरू नका, खराब नाही झालेलं, दहा मिनिटं बाहेर ठेवलं की सुटतं. मात्र दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहिलेली कोळंबी परत फ्रीजमध्ये ढकलू नका, टाकून द्या.