चिमणीखालच्या टाइल्सचे पिवळे सांधे

फोडणीची हळद ग्लेझ्ड टाइलवर टिकत नाही, सांध्यांत मुरते. सांध्यांत भरलेलं सिमेंट ग्राउट सच्छिद्र असतं, तेल पितं. कितीही घासा, पिवळेपणा राहतोच. म्हणून जुनं ग्राउट 3 मिमी खोल खरवडलं, सांधे पूर्ण सुकू दिले आणि इपॉक्सी ग्राउट (राळेचं, तेल न पिणारं) भरलं. ते थोडं थोडंच कालवावं, भांड्यातच घट्ट होतं. टाइलवर पसरलेलं लगेच ओल्या स्पंजने पुसायचं. वाळलं की निघता निघत नाही.

त्याच भिंतीवर सामानाच्या फळ्या लावायच्या तर त्या चिमणीला भिडवू नका. बाजूला निदान 10 सेमी जागा असली तर चिमणीची जाळी काढताना हात जातो. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) वाफेने फुगतो, तिथे ग्रॅनाइटच बरा. फळ्यांसाठी भोक पाडताना टाइल फुटेल म्हणून ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) बंद ठेवायचा. भिंत लागल्यावरच चालू करायचा.