गुडघा गेला, आता नाटकात जायचंय? आधी महिने मोज

गुडघ्यातलं एसीएल, म्हणजे हाडांना एकत्र धरून ठेवणारं लिगामेंट, तुटून कबड्डी सुटली की गावात जो तो म्हणतो, "अंगकाठी चांगली आहे, नाटकात जा." सल्ला वाईट नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात झाडीपट्टी नाटकांचा, म्हणजे गावोगावी रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा, हंगाम दिवाळीनंतर लागतो आणि होळीपर्यंत चालतो. उभं राहिल्यावर नजरेत भरणारी पोरं नाटक कंपन्यांना लागतातच. त्यांची ऑफिसं वडसा-देसाईगंजला, आणि वडसा गोंदिया-बल्लारशा रेल्वे लाइनवर. तिथं पोचणं सोपं आहे. पोरं फसतात ती तारखेत.

श्रावणात ऑपरेशन झालं असेल तर दिवाळीला जेमतेम तीन महिने होतात. तोवर सूज उतरलेली असते, दुखणं थांबलेलं असतं, चालणं सरळ झालेलं असतं. नेमकं तेव्हाच बोलावणं येतं आणि पोरगा हो म्हणतो. आता हे नीट समजून घे बापा. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी तुझ्याच शरीरातली दुसरी शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी), बहुतेकदा मांडीमागची, हाडात भोक पाडून बसवलेली असते. धानाची रोवणी केल्यावर रोप आधी पिवळं पडतं आणि मग मूळ धरतं, तसंच या शिरेचं. आधी तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, ती मऊ पडते, मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती सगळ्यात कच्ची असते. म्हणजे दुखणं कमी होतं त्याच सुमारास शीर कमजोर असते. दुखत नाही म्हणून बरं झालं, हा हिशोब इथं लागूच पडत नाही. पाय रोवून अंग वळवायची कामं, म्हणजे मारामारी, उड्या, ठेक्यावरचा नाच, ९ महिन्यांच्या आत करायची नाहीत. त्यानंतरही फिजिओसमोर एका पायावरच्या उडीत दुखरा पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरला, तरच.

स्टेजवर धोका कुठे असतो तेही बघून ठेव. फळ्यांचे सांधे वरखाली असतात, सतरंजीला घडी पडलेली असते. पाऊल अडकतं, धड फिरतं, संपलं. पौषातल्या थंडीत विंगेत तासभर बसून रात्री दोनला एकदम एंट्री घ्यायची म्हणजे गुडघा आखडलेला असणार, म्हणून एंट्रीआधी दहा मिनिटं अंग गरम कर. पाया पडून रडायचा सीन असेल तर धाडकन गुडघ्यावर पडायचं नाही, हे तालमीतच सांग. प्रयोगाच्या भरात दुखणं कळत नाही, ते सकाळी कळतं. रोज सकाळी शिंप्याच्या टेपने वाटीच्या मधोमध घेर मोज. आदल्या दिवसापेक्षा सेंटिमीटरभर वाढला तर त्या रात्री बसून करायचं काम माग.

आणि असं काम मिळतं, घाबरू नको. सासरा, तलाठी, सावकार, गावचा पाटील ही माणसं धावत नाहीत. पहिला हंगाम त्यांच्यावर काढला तर काही बिघडत नाही.

आवाजाचं मात्र कबड्डीवाल्यांना वेगळं शिकावं लागतं. दम तुझा मोठा आहे, पण चढाईत तो छातीत कोंडून गळ्यातून सोडायची सवय लागलेली असते. तसे रात्रभराचे चार प्रयोग केले की घसा बसतो. बरगड्या बाजूला फाकतील असा श्वास घे आणि वाक्याचं शेवटचं क्रियापद गिळू नको. मराठीत सगळा अर्थ तिथेच असतो. माइक वरून लोंबकळत असतात, पाठ फिरवून बोललास की मागच्या रांगेला काहीच जात नाही.

गुरू कोणाला करायचं? माझं मत विचारशील तर नायकाच्या मागे फिरू नको, आडून संवाद सांगणाऱ्या प्रॉम्प्टरशेजारी बस. तालमी थोड्या असतात, अख्खं नाटक त्याच्या तोंडी असतं आणि कोण कुठे अडखळतो हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. तालुक्याच्या गावी "तीन महिन्यांत सिरियल" असा बोर्ड लावणाऱ्यांकडे जाऊच नको. ऑडिशनला पैसे मागितले की तिथून उठायचं. फोटो मोबाइलवर, दिवसाच्या उजेडात निघतात: समोरून, दोन्ही बाजूंनी आणि एक पूर्ण उंचीचा. सोबत नाव, वय, उंची सांगणारा मिनिटभराचा व्हिडिओ, आपल्याच बोलीत. उसनी पुणेरी लगेच कळते.

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जायचं मनात असेल तर पदवी अर्धवट सोडू नको. तिथे पदवीसोबत निदान ६ नाटकांतला सहभाग मागतात. राज्य नाट्य स्पर्धेच्या काळात नागपूर, चंद्रपूरकडे हौशी संघांना माणसं हवी असतात, तिथून मोजणी सुरू कर. प्रत्येक प्रयोगाचं पत्रक जपून ठेव.

मैदानावरची प्रमाणपत्रंही फाडून टाकू नको. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण जखमी झाल्याने जात नाही. प्रमाणपत्र पात्रतेत बसत असेल तर विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी करून घे, आणि हे काम पावसाळ्यातच उरक. हंगाम लागला की दिवसा झोप आणि संध्याकाळी टेम्पो, कागदाला वेळ मिळत नाही.