ध्रुवीय समुद्राच्या दीर्घकालीन नोंदी: आखणीपासून बाटलीवरच्या चिठ्ठीपर्यंत

ध्रुवीय समुद्रातले जीवन हवामानबदलामुळे बदलते आहे की हा एरवीचाच चढउतार आहे, हे एका मोहिमेत कळत नाही आणि पाच मोहिमांतही कळत नाही. उपग्रहांवरून मिळणाऱ्या क्लोरोफिलच्या (सूक्ष्म वनस्पतींतल्या हिरव्या रंगद्रव्याच्या) नोंदींवर 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे निघाले, की हवामानबदलाचा कल नैसर्गिक चढउतारातून वेगळा ओळखायला सुमारे 40 वर्षांची सलग मालिका लागते. म्हणजे मालिका सुरू करणारा माणूस ती पूर्ण करत नाही. दुसऱ्याच्या हाती, दुसऱ्या जहाजावर, वेगळ्या उपकरणाने तेच माप निघेल अशी पद्धत पहिल्याच वर्षी बांधावी लागते.

स्थानके

नकाशावर नमुने घ्यायच्या जागांचे भले मोठे जाळे आखायचा मोह आवरा. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला 1990 पासून चाललेल्या पामर प्रकल्पाचे जाळे 100 किलोमीटर अंतरावरच्या रेषा आणि प्रत्येक रेषेवर दर 20 किलोमीटरला स्थानक असे आहे. ग्रीनलंड आणि नॉर्वेची स्वालबार्ड बेटे यांमधल्या फ्राम सामुद्रधुनीतल्या हाउसगार्टन वेधशाळेची स्थानके 250 ते 5,500 मीटर खोलीपर्यंत पसरली आहेत आणि तिथले काम 1999 पासून सुरू आहे. या दोन्ही मालिका वर्षानुवर्षांच्या खात्रीच्या जहाजवेळेवर उभ्या राहिल्या. नव्याने सुरू करणाऱ्याने आधी गाभा ठरवावा: पाच-सहा स्थानके, जी सर्वांत वाईट बर्फाच्या वर्षीही निम्म्या जहाजवेळेत उरकतील. बाकीची जमली तर करायची. प्राधान्यक्रम लेखी ठेवा. वादळात तीन दिवस गेले की डेकवर प्रत्येकाला आपलेच स्थानक महत्त्वाचे वाटू लागते.

स्थानक म्हणजे बिंदू नव्हे, परीघ. पाण्याच्या नमुन्यांसाठी एक सागरी मैल इकडेतिकडे चालते. तळाच्या गाळासाठी नाही, कारण काहीशे मीटरवर वाळूचा चिखल होतो आणि त्यातले प्राणी बदलतात. जागेवर बर्फ असेल तर किती सरकायचे आणि कोणत्या दिशेने, तेही आधीच लिहून ठेवा. सरकताना खोली तीच राहील असे पाहा.

तारीख पाळायची की ऋतू?

सगळ्यांत जास्त मालिका इथे फसतात. बर्फ मागे सरकले की कडेला वनस्पतिप्लवकाचा (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा) बहर येतो आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. समजा जहाज दरवर्षी 10 जुलैला पोचते. एका वर्षी बर्फ 20 जूनला गेले, दुसऱ्या वर्षी 5 जुलैला. पहिल्या वर्षी तुम्ही बहर संपताना पोचलात, दुसऱ्या वर्षी ऐन भरात. दोन्ही नमुने अचूक आहेत, तरी त्यांची तुलना चुकीची ठरते. बर्फ दरवर्षी थोडे लवकर जात असेल तर ठरलेल्या तारखेचा नमुना बहरापासून आपोआप लांब जातो, आणि आलेखात 'उत्पादन घटले' असे दिसते.

उपाय दोन, आणि दोन्ही करावे लागतात. प्रत्येक नमुन्यासोबत 'बर्फ हटल्यापासून किती दिवस' हा रकाना भरा. स्थानकाभोवती बर्फाचे आच्छादन 15 टक्क्यांच्या खाली जाऊन सलग पाच दिवस तिथेच राहिले, की बर्फ हटले असे धरण्याची पद्धत प्रचलित आहे. यासाठी लागणारी सूक्ष्मलहरी उपग्रहांची मालिका 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून उपलब्ध आहे. मात्र तिचा एकेक चौकोन सुमारे 25 किलोमीटरचा असतो. किनाऱ्याजवळच्या चौकोनात जमीन मिसळते आणि नसलेले बर्फ दिसते, म्हणून खाड्यांसाठी रडारच्या प्रतिमा किंवा स्थानकावरून रोज घेतलेले छायाचित्र वापरा. दुसरा उपाय म्हणजे जहाज नसताना मोजणारे काहीतरी पाण्यात ठेवणे. ते पुढे येईल.

पाणी

रोझेट (पाणी भरायच्या बाटल्यांचे कडे आणि खोली, तापमान, क्षारता मोजणारे सीटीडी उपकरण असलेला सांगाडा) पाण्यात उतरवला की आधी 10 मीटरवर दोन-तीन मिनिटे थांबवा. पंप सुरू होतो, डेकवर नळ्यांत गोठलेला थेंब वितळतो. मग पृष्ठभागाजवळ आणून खरी उतरण सुरू करा. वर येताना प्रत्येक खोलीवर 30 सेकंद थांबून बाटली बंद करा; लगेच बंद केली तर रोझेटने सोबत ओढून आणलेले खालचे पाणी बाटलीत येते.

खोल्या कायमच्या ठरवून टाका, उदाहरणार्थ 5, 10, 20, 30, 50, 75, 100, 200 मीटर आणि तळाच्या वर 10 मीटर. यात एक बाटली मोकळी ठेवा, क्लोरोफिल सर्वाधिक असेल त्या खोलीसाठी. आर्क्टिकमध्ये वरच्या थरातली पोषकद्रव्ये संपली की हा थर बऱ्याचदा 20 ते 50 मीटरवर बसतो आणि उपग्रहाला तो दिसतच नाही.

समुद्राचे पाणी उणे 1.8 अंशांच्या आसपास गोठते, पण डेकवरची हवा उणे 20 असू शकते. रोझेट ताबडतोब गरम हँगरमध्ये घ्या. तशी सोय नसेल तर कंडक्टिव्हिटी सेलमधले (विद्युतवाहकतेवरून क्षारता मोजणाऱ्या काचेच्या नळीतले) पाणी पूर्ण काढून टाका. आत बर्फ झाले तर काच तडकते. तडकली तर निदान कळते तरी. नुसती हलली तर सगळी क्षारता चुकीची येते आणि घरी पोचेपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून काही बाटल्यांतली क्षारता प्रयोगशाळेत स्वतंत्र मोजायची.

बाटलीतून पाणी काढायचा क्रम: आधी ऑक्सिजन, मग कार्बन, मग पोषकद्रव्ये आणि क्षारता, शेवटी क्लोरोफिल. वायू लगेच निसटतात. ऑक्सिजनची बाटली तळापर्यंत नळी घालून भरा, बाटलीच्या तिप्पट पाणी वाहून जाऊ द्या आणि एकही बुडबुडा राहू देऊ नका. क्लोरोफिलसाठी काचतंतूंची जीएफएफ गाळणी, मंद उजेड आणि हलका निर्वात. जोराने ओढले की पेशी फुटतात. गाळलेले आकारमान दर नमुन्याला लिहा. बहरात 100 मिलिलीटर पुरतात, हिवाळ्यात दोन लिटरही कमी पडतात. गाळण्या उणे 80 अंशांवर ठेवा. 90 टक्के ॲसिटोनमध्ये अर्क अंधारात, थंडीत 24 तास काढा आणि हा कालावधी कधीही बदलू नका.

समुद्री बर्फातले शैवाल मोजायचे तर बर्फातून कापलेल्या 9 सेंटिमीटर व्यासाच्या गाभ्याचा खालचा 10 सेंटिमीटरचा तुकडा सर्वांत महत्त्वाचा. तो तसाच वितळवला तर पाणी जवळजवळ गोडे होते आणि पेशी फुटतात. मोजून घेतलेले गाळलेले समुद्रजल घालून अंधारात वितळवा, नंतर घातलेले पाणी हिशेबातून वजा करा.

जाळी

प्राणिप्लवकासाठी (तरंगत्या बारीक प्राण्यांसाठी) जाळ्याची उभी ओढ सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने घ्या. फ्लोमीटरचा (जाळ्यातून किती पाणी गेले ते मोजणाऱ्या चक्राचा) आकडा आधी आणि नंतर लिहा; मीटर गोठून अडकला असेल तर दोरीच्या लांबीवरून आकारमान काढा, पण नोंदीत तसे म्हणा. जाळे धुताना पाणी बाहेरूनच मारा. आतून मारले की त्या पाण्यातले प्राणीही नमुन्यात जातात.

ओळख पटवण्यात मोठा खड्डा आहे. आर्क्टिकचा चरबीदार कोपेपॉड (बारीक कवचधारी प्लवक) कॅलॅनस ग्लेशियालिस आणि अटलांटिकमधून येणारा, लहान चणीचा, कमी चरबीचा कॅलॅनस फिनमार्किकस हे वर्षानुवर्षे शरीराच्या लांबीवरून वेगळे केले गेले. डीएनए तपासल्यावर कळले, की दोघांच्या लांबीत बरीच सरमिसळ आहे आणि काही भागांत लहान ग्लेशियालिस फिनमार्किकस म्हणून मोजले गेले होते. अटलांटिकचे प्राणी किती उत्तरेला सरकले, हाच तुमचा प्रश्न असेल तर ही चूक थेट उत्तरात शिरते. त्यामुळे प्रत्येक ओढीचा अर्धा भाग 4 टक्के बफर केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये आणि अर्धा 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. इथेनॉल 24 तासांनी बदला, कारण प्राण्यांच्या अंगातले पाणी ते पातळ करते.

दक्षिणेत क्रिल (कोळंबीसारखा छोटा प्राणी) जाळे पाहून पळते, दिवसा जास्तच. ओढीची वेळ आणि सूर्याची उंची नोंदवा, दिवस-रात्रीचे नमुने सरसकट एकत्र करू नका. प्रतिध्वनीवरून क्रिल मोजत असाल तर दर मोहिमेत टंगस्टन कार्बाइडचा 38.1 मिलिमीटरचा गोळा जहाजाखाली टांगून उपकरण जुळवून घ्या, तेही कामाच्या जागेवरच्या थंड पाण्यात. उष्ण बंदरात केलेली जुळवणी इथे लागू पडत नाही.

पेंग्विनचे सोपे आहे: अंडी घालण्याचा भर ओसरल्यावर लगेच व्यापलेली घरटी मोजा, एकाच दिवशी तीनदा. आकड्यांत 10 टक्क्यांहून जास्त तफावत आली तर पुन्हा मोजा. वसाहतीत शिरायला आणि ड्रोन उडवायला परवाना लागतो. अंटार्क्टिकच्या पर्यावरणरक्षणाचा 1991 चा माद्रिद करार त्याबाबत कडक आहे.

मुरिंग

तळाशी नांगर, वर तरंगता गोळा आणि मध्ये उपकरणे असा, वर्षभर एकट्याने मोजणारा हा दोर. स्वालबार्डच्या काँग्सफ्योर्डमध्ये भारताचे इंडआर्क मुरिंग 2014 मध्ये 192 मीटर खोलीवर असेच उतरवले गेले. वरचा तरंगता गोळा बर्फाच्या कड्यांच्या खाली हवा. दाबाने चढलेल्या समुद्री बर्फाची पाण्याखालची टोके 20-30 मीटर सहज जातात. हिमनगाच्या वाटेवर तेवढ्याने भागत नाही, तिथे जागाच बदला.

नांगराचे वजन पाण्यातले धरा. लोखंड पाण्यात सुमारे 13 टक्के हलके होते, काँक्रीट 40 टक्क्यांहून जास्त. म्हणून रेल्वेची जुनी चाके वापरतात. अकूस्टिक रिलीज (ध्वनिसंदेश मिळताच दोर नांगरापासून सोडणारी कडी) दोन, समांतर लावा. एकाने दगा दिला तर दुसरा. स्टेनलेस आणि जस्ताचा मुलामा दिलेले पोलाद थेट एकमेकांना टेकू देऊ नका, मध्ये प्लॅस्टिकचे बुश घाला. खाऱ्या पाण्यात ही जोडी बॅटरीसारखी वागते आणि वर्षभरात शॅकलची (जोडकडीची) पिन खाऊन टाकते. दर शॅकलची पिन तारेने बांधा. बॅटऱ्या बारा महिन्यांच्या मोहिमेसाठी दोन वर्षांच्या भरा, कारण बर्फामुळे जहाज एखाद्या वर्षी पोचतच नाही, आणि थंडीत क्षमता घटते ती वेगळीच.

दोरावरच्या गाळ-सापळ्यात वरून पडणारे कण पाळीपाळीने वेगवेगळ्या कपांत साठतात. त्यातल्या 21 कपांचे वेळापत्रक समान ठेवू नका: बहराच्या काळात एक-दोन आठवडे, हिवाळ्यात एक-दोन महिने. कपातल्या पाण्याची क्षारता 40 च्या आसपास वाढवा, म्हणजे जड झालेले पाणी आणि त्यातले नमुना टिकवणारे मर्क्युरिक क्लोराइड बाहेर पडत नाही. हे विष आहे. हातमोजे घाला, उरलेले परत आणा. पोहत आत शिरून मेलेले कोपेपॉड मापनाआधी चिमट्याने काढा, नाहीतर तळाकडे जाणाऱ्या कार्बनचा आकडा फुगतो.

काढताना घाई नको. आधी रिलीजला फक्त 'कुठे आहेस' असे विचारा, तीन ठिकाणांहून अंतर घेऊन जागा पक्की करा. त्या वेळी जहाजाचा इकोसाउंडर (ध्वनीने खोली मोजणारे उपकरण) बंद ठेवा. वर मोकळे पाणी दिसेपर्यंत सोडण्याचा संदेश देऊ नका. दोर बर्फाखाली अडकला तर गेलाच. सोडण्याआधी आणि काढल्यानंतर शेजारी सीटीडी उतरवा आणि घड्याळाची चूक जागतिक प्रमाणवेळेशी ताडून लिहा. वर्षभरात संवेदकांची मापे किती सरकली, ते दुसऱ्या कशानेही कळत नाही.

पद्धत बदलावीच लागली तर

जाळे फाटते, कंपनी उपकरण बनवणे थांबवते, नवे जहाज येते. जुने आणि नवे निदान दोन-तीन हंगाम शेजारी शेजारी चालवा आणि कमी-जास्त सर्व प्रमाणांत 20-30 जोड्या मिळवा. 200 मायक्रॉनऐवजी 150 मायक्रॉनचे जाळे घेतले तर ऑइथोनासारखे बारीक कोपेपॉड जास्त अडकतात आणि आलेख सांगतो की लहान प्राणी वाढले. तापमानवाढीतही नेमके हेच अपेक्षित आहे, म्हणून या चुकीवर कोणी शंका घेत नाही. अपेक्षेशी जुळणारी उडी दिसली की आधी नोंदवहीत त्या वर्षी काय बदलले ते शोधा.

बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी घाला, बाहेरचे लेबल पुसले जाते. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमात. मोजून झालेले नमुने फेकू नका, पण त्यांची निगा राखा: इथेनॉल उडते, ते दरवर्षी भरा, आणि फॉर्मॅलिनचा सामू तपासा. तो 7 च्या खाली उतरला की टेरोपॉडांची (पोहणाऱ्या बारीक गोगलगायींची) कवचे बाटलीतच विरघळू लागतात. मग 20 वर्षांनी कोणी समुद्राच्या आम्लीकरणासाठी ती कवचे तपासायला घेतली, तर ती समुद्रात झिजली की कपाटात, हे त्याला ठरवता येणार नाही.