गारठलेल्या पिल्लाला दूध देऊ नका
वन्यप्राण्यांच्या पोरक्या पिल्लांना वाढवणाऱ्या पुनर्वसन केंद्रात नव्याने आलेल्यांना परवाना, हातमोजे, पिल्लाची आई खरंच नाही ना याची खात्री, हे सगळं ठाऊक असतं. मी अडकले ती बाटलीपाशी, आणि बहुतेक नवे तिथेच अडकतात.

गारठलेलं पिल्लू हाती आलं की ते भुकेलं असणार असं वाटतं. असतंही. तरी दूध नाही. अंग गार असताना आतडी काम करत नाहीत; दूध तसंच पडून आंबतं, पोट फुगतं. गिळायची ताकद नसल्याने ते श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. म्हणून आधी ऊब, तीही हळूहळू, खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली. मग डॉक्टरांनी सांगितलेलं क्षारांचं कोमट पाणी. त्यानंतर पातळ दूध, आणि दाट त्याहून उशिरा. पाजताना पिल्लू पोटावर हवं, आपल्या बाळासारखं उताणं कधीच नाही. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा. पुन्हा सांगते: हिरड्यांना बोट लावून बघा, गार लागल्या तर बाटली खाली ठेवा. पिल्लू ओरडतंय, शेजारचा ‘अगं, दे की थोडं’ म्हणतोय, तरी खालीच.

‘गाईच्या दुधात पाणी घाला, झालं’ सांगणारे जुनेजाणते प्रत्येक केंद्रात भेटतात. त्यांच्याकडून पिंजरा बांधायला शिका, दूध नको. सशाचं दूध गाईच्यापेक्षा कितीतरी स्निग्ध असतं. कांगारूच्या पिल्लाला लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, झेपत नाही. केनियात पोरकी हत्तीची पिल्लं वाढवणाऱ्या डॅफ्नी शेल्ड्रिक यांची हत्तीच्या पिल्लांसाठी योग्य दूध शोधण्यात कित्येक वर्षं गेली. गाईच्या दुधातली चरबी त्यांना पचेना, शेवटी खोबरेल तेलाने काम झालं.

एवढं करूनही काही पिल्लं जातील. ती येतात तेव्हाच खचलेली असतात, प्रत्येक मरण स्वतःच्या माथी घेऊ नका. रोज ठरल्या वेळी वजन करा. तक्ता अंदाजापेक्षा खरं बोलतो.

जगलं की दुसरी काळजी: माणसाचा लळा. शक्यतो त्याच जातीच्या पिल्लाबरोबर वाढवा. कॅलिफोर्निया कॉन्डॉर या दुर्मीळ गिधाडाच्या पिल्लांना तर मोठ्या पक्ष्याच्या डोक्यासारखी बाहुली हातावर चढवून भरवलं, माणूस दिसू नये म्हणून. कुशीत घेऊन व्हिडिओ काढणाऱ्यांना मी खोलीबाहेर काढते, वाईटपणा आला तरी.

पिल्लू रानात सोडायच्या जागीच पिंजरा असेल तर उत्तम. दार उघडल्यावरही काही काळ खाणं ठेवा. ते परत खायला आलं तर घाबरू नका, बहुतेक येतात; येणं विरळ होतंय का ते लिहून ठेवा. मात्र दार उघडण्याआधीच ते अनोळखी माणसाकडे धावत जात असेल, तर तारीख पुढे ढकला, वरिष्ठ कितीही घाई करोत.