पोस्टरवर ईमेल कुणाचा आहे ते आधी बघा

आमच्या लॅबमधल्या दोघींचे ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे संशोधनाचे सारांश, यंदा ईजीयूच्या परिषदेला लागलेत. ईजीयू म्हणजे युरोपियन जिओसायन्सेस युनियन. दरवर्षी एप्रिल-मेच्या सुमारास व्हिएन्नात त्यांची आठवडाभराची जत्रा भरते आणि भूशास्त्र, हवामान, पाणी असल्या विषयांतली अठरा-वीस हजार माणसं एका इमारतीत कोंबली जातात. "ताई, काय काय तयारी करायची?" असं दोघींनी विचारलं. तोंडी सांगायला लागले तर तासभर गेला, म्हणून लिहूनच काढते. स्वेटर, चार्जर, दोन पिनांचा ॲडॉप्टर, मेतकूट वगैरे सांगायला मी कशाला हवी? ते आई भरून देईलच.

सुरुवात शेवटच्या वाटणाऱ्या गोष्टीपासून करते, कारण मी तिथंच माती खाल्ली. पोस्टरवर, म्हणजे आपलं संशोधन मांडणाऱ्या त्या मोठ्या छापील तक्त्यावर, तुमचा स्वतःचा ईमेल टाका. सरांचा चालणार नाही, लॅबचाही नाही.

मी गेले ती २०२३ च्या एप्रिलमध्ये. विषय दख्खनच्या बेसाल्टमधलं भूजल. पोस्टर केलं ते आधीच्या पेपरच्या साच्यावरून. पेपरात सरांच्या नावावर चांदणी असते, म्हणजे पत्रव्यवहार यांच्याशी करा अशी खूण, आणि खाली त्यांचा ईमेल असतो. ते सगळं तसंच पोस्टरवर उतरलं. सरांनी बघितलं, मी बघितलं, आणखी चौघांनी बघितलं, कुणाच्याच डोळ्यांत आलं नाही. पोस्टरच्या दिवशी जर्मनीतल्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापक बाई आल्या आणि वीस-पंचवीस मिनिटं हलल्या नाहीत. भेगांमधून पाणी किती दिवसांत खाली जातं, समस्थानिकांचे नमुने पावसाच्या आधी घेतले की नंतर, असं खोदून खोदून विचारत राहिल्या. जाताना मोबाइल काढून पोस्टरचा फोटो घेतला आणि "मी लिहीन तुला" म्हणाल्या. मी हवेत.

परत आल्यावर महिनाभर मी रोज इनबॉक्स उघडून बघत होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात सर कॉरिडॉरमध्ये भेटले आणि सहज म्हणाले, "अगं, तुझ्या त्या पोस्टरबद्दल कुणाचं तरी पत्र आलं होतं, मी फॉरवर्ड केलं का?" केलं नव्हतं. सरांच्या मेलबॉक्समध्ये दिवसाला शंभर मेल येतात, शिवाय ते तेव्हा फील्डवर होते. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. बाईंनी मेच्या दुसऱ्या आठवड्यात लिहिलं होतं: दोन वर्षांची पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या संशोधनाची) जागा आहे, पंधरा दिवसांत कळवायला सांग. त्या फोटोत जो ईमेल होता त्यावरच त्यांनी लिहिलं. दुसरं काय करणार होत्या? मी उत्तर दिलं तेव्हा जागा भरलेली होती.

म्हणून म्हणते, पोस्टरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, दोन मीटरवरून वाचता येईल अशा अक्षरात तुमचं नाव आणि तुमचा ईमेल. ईमेल संस्थेचाही नको. थिसीस जमा झाला की संस्थेचा आयडी कधी बंद पडेल याचा भरवसा नसतो. माझा व्हायवानंतर चार महिन्यांत गेला आणि सोबत दोन पेपरांचा पत्रव्यवहारही गेला. स्वतःचं साधं जीमेल, नाव-आडनावाचं. अकरावीत काढलेला 'रॉकिंग' वगैरे असलेला आयडी असेल तर आजच नवा काढा. त्याच कोपऱ्यात एक ओळ आणखी: "पीएचडी अमुक महिन्यात पूर्ण, पोस्टडॉकच्या शोधात." आपल्याला हे लिहायला लाज वाटते, भिंतीवर नोकरी मागितल्यासारखं वाटतं. तिथं कुणाला काही वाटत नाही. उलट समोरच्याच्या मनातला पहिला प्रश्न तोच असतो आणि तो विचारायला त्याला संकोच वाटत असतो.

आता बाकीचं.

पैसे. ईजीयूची स्वतःची प्रवास-मदत असते, पण तिचा अर्ज ॲब्स्ट्रॅक्ट भरतानाच करावा लागतो आणि त्याची मुदत नेहमीच्या मुदतीच्या आधी संपते. तुमची ती वेळ गेली, पुढच्या वर्षी लक्षात ठेवा. इथं संशोधनाला पैसे देणाऱ्या सर्ब या सरकारी मंडळाचं काम आता एएनआरएफकडे गेलंय, त्यांच्या आणि सीएसआयआरच्या पानावर जाऊन तारखा स्वतः बघा, सीनियरनी सांगितलेल्या तारखांवर विसंबू नका. सरकारी पैशानं उडायचं असेल तर तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तिघांकडूनच. चार हजारांनी स्वस्त दिसलं म्हणून दुसरीकडे काढलंत तर अकाउंट्समधून बिल परत येतं आणि मग अपवाद म्हणून मंजुरीसाठी फाइल फिरत बसते. काही करण्याआधी अकाउंट्समध्ये विचारा. बोर्डिंग पास सगळे जपा. सगळे म्हणजे परतीचे पण.

व्हिसा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा मार्च उजाडायची वाट बघू नका. तीस हजार युरोंचा प्रवास-विमा लागतो, संस्थेची एनओसी लागते, बँकेचं स्टेटमेंट लागतं. एनओसीवर सही करणारी व्यक्ती नेमकी त्या आठवड्यात रजेवर असते. हा निसर्गनियम आहे.

पोस्टरचं माप. आपल्याकडे डोळे मिटून ए-झीरो उभं छापतात. ईजीयूचे बोर्ड आडवे असतात, साधारण १९७ सेंटिमीटर रुंद आणि १०० सेंटिमीटर उंच. उभं ए-झीरो जवळपास ११९ सेंटिमीटर भरतं, म्हणजे खालचा वीतभर भाग हवेत लोंबकळतो. तुमच्या वर्षीचं माप त्यांच्या पानावर एकदा तपासा आणि आडवंच करा. कागदावर छापू नका, कापडावर छापा. घडी घालून कपड्यांत ठेवता येतं, नळकांडं सांभाळत विमानतळावर हुज्जत घालावी लागत नाही. क्यूआर कोड टाकणार असाल तर तो दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. ड्राइव्हच्या फाइलला परवानगीच दिलेली नसते आणि समोरच्याला "रिक्वेस्ट ॲक्सेस" असं दिसतं. त्यापेक्षा ऑर्किडच्या (ORCID, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख-क्रमांक) पानाचा कोड द्या, तो संस्था बदलली तरी बदलत नाही. पण क्यूआर टाकला म्हणून ईमेल गाळू नका. फोटो काढणारा माणूस तिथल्या तिथे कोड स्कॅन करत नाही, तो रात्री हॉटेलात फोटो मोठा करून बघतो. त्याला अक्षरात ईमेल दिसायला हवा. तुमचा.

सोबत पोस्टरच्या ए-फोर प्रती न्या, वीस पुरतात. व्हिजिटिंग कार्ड असलं तर असू दे.

माणसांना आधी लिहिणं हे दुसरं मोठं काम. कार्यक्रम सहसा मार्चमध्ये लागतो. त्यातून आठ-दहा नावं काढा, त्यातली दोन-तीनच फार मोठी असू देत. मोठ्या माणसांभोवती गर्दी असते, आणि जागा निघाली की चाळणी लावायचं काम बहुतेकदा त्यांच्या हाताखालच्या माणसाकडे असतं. तीन आठवडे आधी पाच ओळींचा मेल: मी कोण, तुमच्या कुठल्या पेपरातली कुठली गोष्ट मला अडली, माझं पोस्टर कुठल्या दिवशी कुठल्या बोर्डावर, पंधरा मिनिटं भेटाल का. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम अ हार्डवर्किंग स्टुडंट" हे नको, प्लीज. दहातले तीन उत्तर देतील. तेवढे पुष्कळ झाले. आणि हा मेल कुठल्या आयडीवरून जाणार? पोस्टरवर जो आहे, त्याच. एकाच माणसाकडे तुमचे दोन-दोन पत्ते नकोत.

ईजीयूची मेंटरिंगची योजना आहे, पहिल्यांदा येणाऱ्याची गाठ जुन्या माणसाशी घालून देतात. नाव नोंदवा, फुकट आहे. मी नोंदवलं नव्हतं. का, तर "आपलं आपण बघू." हा पुणेरी बाणा तिथं कामाचा नाही.

आपलं काम दोन वाक्यांत सांगण्याचा सराव. आरशासमोर नको, मेसमध्ये दुसऱ्या विषयाच्या मुलांसमोर करा. माझं पहिलं वाक्य असायचं, "आय वर्क ऑन ग्राउंडवॉटर फ्लो इन फ्रॅक्चर्ड हार्ड रॉक ॲक्विफर्स." समोरचा मान हलवून पुढे सरकायचा. तिसऱ्या दिवशी वैतागून मी म्हटलं, "आमच्या गावात एका विहिरीला मे महिन्यात पाणी असतं आणि शंभर फुटांवरची बोअर कोरडी जाते. असं का होतं ते मी शोधतेय." माणूस थांबला. मग डेक्कन ट्रॅप्स म्हटलं की डोळे चमकतात, कारण पाच लाख चौरस किलोमीटरचा हा लाव्हा आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोर संपले तो वाद तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. त्यांना डायनासोरवर बोलायचं असतं, तुम्ही हळूच विहिरीवर आणा. तुमच्या विषयातली अशी विहीर कुठली ते जायच्या आधी शोधून ठेवा.

पोचायचं शक्यतो शनिवारी. रविवारी पोचलात तर ऑस्ट्रियात दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली एखाद-दोन सोडून. मी पहिल्या रात्री चिवड्यावर झोपले. पाणी विकत घेऊ नका, नळाचं थेट डोंगरातल्या झऱ्यांचं येतं. राहायला यू-वन मेट्रोच्या मार्गावर कुठंही, उतरायचं कैसरम्यूलेन स्टेशनला, तिथून दोन मिनिटांत परिषदेचं सेंटर.

रविवारी संध्याकाळी स्वागताचा कार्यक्रम असतो. झोप येत असली तरी जा. हातात रसाचा पेला धरून रांगेत उभं राहिलं की पुढच्या-मागच्याशी बोलणं होतंच. आपल्या मंडळींच्या घोळक्यात अख्खा वेळ काढू नका असं सगळे सांगतात, पण तो घोळका टाळूही नका. पॉट्सडॅम, लाइपझिग, झुरिकला असलेली आपली मुलं कुठला ग्रुप चांगला, कुठला गाईड माणसं पिळतो, हे मराठीत आणि खरं सांगतात. एवढी माहिती कुठल्याच संस्थळावर मिळत नाही.

सत्रं सगळी ऐकायची नाहीत, जमणारच नाही. दिवसाला दोन ठरवा, उरलेला वेळ पोस्टरांच्या दालनात. छोटे कोर्स असतात, त्यातला फेलोशिपच्या अर्जांवरचा गाठाच. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपची मुदत सप्टेंबरात संपते. तिला होस्ट, म्हणजे आपल्याकडे काम करायला घेणारा तिथला संशोधक, लागतो, हातात पीएचडी लागते, आणि ज्या देशात जायचं तिथं आधीच्या तीन वर्षांत बारा महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे एप्रिलमध्ये भेट, मेमध्ये होकार, उन्हाळाभर प्रस्ताव, असं ते गणित बसतं. तेव्हा "तुमच्याकडे जागा आहे का?" एवढंच विचारून थांबू नका. "माझ्या मारी क्युरीच्या अर्जाला होस्ट व्हाल का?" असंही विचारा. जागा नसलेले लोकही या प्रश्नावर खुर्ची ओढून बसतात. नोकऱ्यांच्या जाहिरातींचा फलकही असतो, रोज एकदा नजर टाका.

तुमच्या पोस्टरची वेळ असेल तेव्हा तिथून हलायचं नाही. चहा नंतर. आधी अर्धा तास जाऊन पोस्टर लावा आणि कोपरा बघा. छापताना ईमेलमधला एखादा टिंब गळाला असेल तर मार्करनं लिहा, चिठ्ठी चिकटवा, काहीही करा. कुणी फोटो काढायला लागलं तर आपण बाजूला सरकतो, छान. पण कोपरा फोटोत येतोय ना ते बघा. निर्लज्जपणे म्हणा, "माझा ईमेल वर आहे, तो आला का?" मी पुढच्या वेळी बंगळूरच्या एका परिषदेत असं म्हटलं. समोरचे गृहस्थ हसले, पण त्यांनी पुन्हा फोटो काढला.

रोज रात्री झोपण्याआधी कोण भेटलं, काय बोललं, काय पाठवायचं कबूल केलं, हे फोनमध्ये चार ओळींत. चौथ्या दिवशी सगळे चेहरे एक होतात.

परत आल्यावर आठवड्याच्या आत मेल, दोन पानी सीव्ही जोडून, बोलण्यातली एक खूण सांगून. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण, मग सोडून द्या. सरांनाही सांगून ठेवा की माझ्याबद्दल कुणाचं काही आलं तर त्याच दिवशी ढकला. प्रवासखर्चाचं टीए बिल लगेच भरा. बोर्डिंग पास मी सांगितलेतच.

पोस्टर छापायला टाकायच्या आधी पीडीएफ मला पाठवा. आलेख बरोबर आहेत का वगैरे मी बघणार नाही, ते सर बघतील. मी फक्त वरचा उजवा कोपरा बघणार आहे.